वयाचा रकाना

६ फेब्रुवारी

प्रिय वाऱ्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील असं धरून चालते, कारण बरा नसलास तरी तू कळवणार नाहीस. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण कुरकुर ऐकून घ्यायची सवय मला आधीपासूनच नाही.

घरी विशेष काही नाही. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो बदलून घेतला. शेजारच्या शिंपीणबाईंना तिसरी नात झाली. टाइपरायटरला महिन्यातून एकदा तेल घालते. दोन वर्षांत त्यावर तुझं एकही गाणं उठलं नाही, तेव्हा हल्ली त्यावर फक्त माझ्या तक्रारी टाइप होतात. पाणीखात्याला तीन गेल्या, एक तुझ्या त्या रोपवाटिकेच्या मालकाला जाणार होती, की माझा भाऊ डोंगरात आहे तो जिवंत आहे का ते तरी कळवा. पाठवली नाही. तिकीट वाचलं.

आता कामाचं. जुन्या रस्त्याचं रुंदीकरण पुन्हा निघालं आहे. इतके दिवस ते पुलाच्या नकाशावरून अडलं होतं, ती अडचण सुटली. एक मार्चपासून झाडतोड सुरू. आपली चौदाही झाडं त्यात आहेत. ‘आपली’ असं लिहून गेले आहे; खोडत नाही.

मी हरकतीचा अर्ज केला आणि सुनावणी मिळवली. वीस फेब्रुवारी, गुरुवार, सकाळी अकरा. जागा आमचंच रस्तेखात्याचं ऑफिस, जिथे मी बत्तीस वर्षं खुर्ची झिजवली. तळमजल्यावरची कोपऱ्यातली खोली, मोठी खिडकी असलेली. तू यायचं आहेस. सरकारी इमारतीत तू पाऊल टाकत नाहीस हे मला माहीत आहे. एक दिवस टाक.

अर्जात तुझी ओळख द्यावी लागली. काय लिहिलं ते उतरवून देते, चूक असेल तर कळव :

‘सदर इसम माझा सख्खा धाकटा भाऊ. शिक्षण : कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडले, परीक्षेच्या सकाळी तळ्यावर पक्ष्यांचा थवा उतरला होता. नोकरी : पाणीखात्यात मीटर वाचणे, अकरा महिने. उपजीविका : लोकांच्या बागांत कलमे बांधणे व छाटणी. काम : गाणी करणे. रीत अशी की वर्षभर एकाच झाडापाशी जाऊन बसायचे, त्याचे सगळे ऋतू पाहायचे, आणि वर्ष पुरे झाले की त्या झाडाचे एक गाणे करायचे. वर्षाला एकच. एकूण गाणी सत्तावीस. पैकी चौदा जुन्या रस्त्यावरच्या झाडांची. प्रत्येक गाण्यात झाडाचा पत्ता पावलांत असतो, आणि त्या झाडाविषयी कोणा म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली सर्वांत जुनी गोष्ट असते. गाणी छापलेली नाहीत. कापडगिरणीतल्या बायका, ट्रकवाले आणि सहलीला जाणारी मुले ती म्हणतात. रेडिओचे काम सदर इसमाने नाकारले, कारण त्यांना त्याने न पाहिलेल्या फुलावर गाणे हवे होते.’

वाचून शिपाई म्हणाला, “बाई, हा अर्ज झाडांसाठी आहे की भावाच्या लग्नासाठी?” मी म्हटलं, दोन्हींची वेळ टळत आली आहे.

सायकलवाला तुझी चौकशी करत होता. त्याचं दुकान आता सकाळपुरतंच उघडं असतं. दिसायला कमी झालं आहे त्याला. ट्यूबमधलं भोक तो गालाला लावून शोधतो. तू त्याला भर चौकात ‘झाडं विकलीस’ म्हणालास त्या दिवसाचा विषय तो काढत नाही, पण तेव्हापासून तो रविवारी फिरायलाही जात नाही. तुमची शाळेपासूनची मैत्री. झाडांच्या नेमक्या जागा त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हत्या, म्हणून रस्त्यावरच्या झाडांची यादी खात्याला त्यानेच दिली, असा तुझा हिशेब. कॉलेजात आम्हाला तर्कशास्त्र होतं. असल्या निष्कर्षाला तिथे शून्य गुण मिळायचे.

याविषयी जास्त लिहीत नाही. कागद संपत आला आहे.

तुझी,
ताई

ता. क. कागद निम्मा कोरा आहे, हे तुला दिसेलच.


१५ फेब्रुवारी

प्रिय वाऱ्या,

आशीर्वाद आहेतच. तुझं कार्ड बुधवारी मिळालं. ‘ज्याने यादी दिली त्याला ने. मी येत नाही.’ आठ शब्द. एवढे थोडे शब्द तू रेडिओवाल्यालासुद्धा लिहिले नव्हतेस.

कार्ड टेबलावर उभं करून ठेवलं आणि दोन दिवस घर आवरलं. माळा झाडला. आईच्या पेटीतल्या चादरी उन्हात घातल्या. कपाटामागे हात जात नाही तिथे काठीला फडकं बांधून पुसलं. आज सकाळी पाहिलं तर पुसायला काही उरलं नव्हतं. म्हणून बसले आहे लिहायला.

ज्याने यादी दिली त्याला ने म्हणतोस. बरं. मी मला घेऊन जाईन.

यादी मी केली, वाऱ्या.

ऐकून घे, मध्ये उठू नकोस. मोजणीचा माणूस तापाने पडला होता आणि यादी आठ दिवसांत वर जायची होती. नियम असा की यादीत नसलेलं झाड कागदावर नसतंच. ते ठेकेदाराने पाडलं तर विचारणारं कुणी नाही. मला वाटलं, आपली चौदा तरी आधी कागदावर येऊ देत. कपाटातून तुझ्या गाण्यांच्या कार्बन प्रती काढल्या. तू स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत सांगायचास आणि मी दोन प्रती काढायचे, वरची तू न्यायचास, खालची माझी. त्या प्रती समोर ठेवल्या आणि एका दुपारी खुर्चीत बसून यादी पुरी केली. तुझी गाणी इतकी काटेकोर आहेत, की मला उठावंसुद्धा लागलं नाही. साहेब म्हणाले, “बाई, उन्हातान्हात एवढं फिरलात?” मी ‘नाही’ म्हणाले नाही.

आणखी आहे. यादीत पाचवा रकाना होता : ‘अंदाजे वय’. बत्तीस वर्षांत मी अंदाजे काही लिहिलेलं नाही. गाण्यात आकडा नव्हता. आजीची आजी, पुलाच्याही आधी, असलं असायचं. म्हणून रकाना कोरा ठेवला. कोरा रकाना म्हणजे झाड तीस वर्षांच्या आतलं, आणि अशा झाडाला सुनावणी लागत नाही, असा नियम आहे. मला तो ठाऊक नव्हता असं लिहिणार होते. पण ते परिशिष्ट मीच टाइप केलं होतं.

पुढच्या महिन्यात मी निवृत्त झाले, गुच्छ मिळाला, आणि झाडांवर तोडीचे पांढरे आकडे पडले. तू सायकलवाल्याला जे बोललास ते मला दुसऱ्या दिवशी मंडईत कळलं. सोमवारी तुला सांगू, असं ठरवलं. असे शंभर सोमवार गेले. मधल्या काळात तू डोंगरात गेलास, गाणी थांबली, त्याने रविवार सोडला, आणि मी टाइपरायटरला तेल घालत राहिले.

काल त्याच्या दुकानी गेले. तो चाक फिरवून ऐकत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं, जसं तुला सांगितलं तसं. त्याने चाक थांबवलं नाही.

“माहीत आहे, ताई.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. यादीची नक्कल तुमच्या नोटीसफळ्यावर लागली होती की. क्रमांक एक, पुलापासून चाळीस पावले. खातं पावलांत मोजतं होय? मी म्हटलं, हे आपल्या ताईंचं काम. मीटरसुद्धा अंदाजे लिहायच्या नाहीत त्या.”

“मग त्याला सांगितलं का नाहीत?”

“तो एक मित्र घालवून बसला होता. वर बहीणही घालवायची?”

त्याने स्टूल पुसून पुढे केलं आणि म्हणाला, “बसा. उभ्याने शिक्षा घेतात ती शाळेत.”

मग मी त्याला म्हटलं, मला झाडं दाखवा. हे तुला लिहायला यादीपेक्षा जड जातं आहे. सत्तावीस वर्षं दर वर्षी तू म्हणायचास, “ताई, एकदा चल ना, दाखवतो.” आणि मी म्हणायचे, “टाइप केलंय ना, कळलं मला.” मी तुझं एकही झाड पाहिलेलं नव्हतं. एकही.

कागद घेऊन पुलापासून मोजत निघाले. चाळीस पावलं झाली आणि मी एका विजेच्या खांबापाशी पोचले. खालून वर नीट पाहिला. गंजला होता. सायकलवाल्याला हसून हसून ठसका लागला. “ताई, गाणं त्याच्या ढांगांचं आहे! तुमची आणखी होतील, चला.” तेरा आणखी झाली. माझी त्रेपन्न म्हणजे तुझी चाळीस.

तिथे कुबडी होती, क्रमांक एकचं झाड. तू म्हणतोस तशी, रस्त्याकडे वाकलेली. बुंध्यावर पांढरा एक, त्यावर कुणी चिखल फासलेला. कुणी ते मी विचारत नाही. तुझं गाणं मी तिथे उभी राहून वाचलं :

पुलापासून चाळीस पावलं, कुबडी वाकून आहे,
कुणी दमून आलं का रे, वाटेकडे पाहे.
आजीच्या आजीनं टांगली झोळी, दोरी कुजून जाये,
झोळीतलं बाळ म्हातारं झालं, फांदीत वळ राहे.

हे टाइप करताना मला वाटलं होतं, वळ ही तुझी कल्पना. सायकलवाल्याने माझा हात धरून खालच्या फांदीवर ठेवला. दोरीची खाच आहे तिथे. सालीने ती कडेकडेने गिळत आणली आहे, पण अजून बोट जातं. माझं बोट बराच वेळ तिथेच होतं. तो पाठ करून सायकलच्या साखळीशी काहीतरी करत राहिला. साखळीला काही झालेलं नव्हतं.

आता ऐक. प्रत्येक कार्बन प्रतीखाली मी तारीख घातली आहे, आणि गोष्ट कुणी सांगितली, तिचं वय काय, हेही. तू बडबडायचास ते सगळं. मी काही सोडत नाही. कुबडीची गोष्ट ऐंशी वर्षांच्या धोबीणबाईंनी एकवीस वर्षांपूर्वी सांगितली, आणि झोळीतलं बाळ म्हणजे त्यांच्या आईची आई. ऐंशीच्या पुढचं झाड जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय तोडता येत नाही. हा पुरावा आहे. पण तो मांडायचा तर आधी यादी खोटी ठरवावी लागेल, आणि यादीवर सही माझी आहे. ती मी खोटी ठरवणार आहे. त्याबद्दल मला समजवायला कुणी येऊ नये. शिंपीणबाई येऊन गेल्या.

सुनावणीला यायचं की नाही ते तू ठरव. सायकलवाल्याशी बोलायचं की नाही हे मात्र तुझ्यावर सोडलेलं नाही.

ताई


२० फेब्रुवारी, दुपार

वाऱ्या,

तू आलास. खिडकीबाहेर उभा होतास, म्हणजे आतलं निम्मंच ऐकू आलं असणार. मी बाहेर येईपर्यंत तू निघून गेला होतास. म्हणून बाकीचं निम्मं लिहिते.

टेबलामागे बसलेली अधिकारी माझ्या हाताखाली शिकलेली. फाईलला दोरा कसा ओवायचा ते मी तिला शिकवलं आहे. तिने यादी माझ्यापुढे धरली. आवाज अगदी बेताचा होता.

“बाई, सही तुमची?”

“माझी.”

“जागेवर जाऊन केलीत ना?”

ती मला वाट काढून देत होती, हे मला कळलं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर बत्तीस वर्षं जशीच्या तशी राहिली असती आणि मी तिथून ताठ मानेने घरी गेले असते.

“नाही,” मी म्हटलं. “खुर्चीत बसून. गाण्यांवरून.”

खोलीत हशा पिकला. तो तुला ऐकू आला असेल. ठेकेदाराचा वकील म्हणाला, “वा! उद्या पूलही गाण्यावरून बांधा.” मी म्हटलं, “मागचा पूल तुम्ही नकाशावरून बांधलात. दोनदा खचला. गाणं बरं.” यावर शिपाई हसला तो दाराबाहेर गेला.

अधिकारी हसली नाही. म्हणाली, “वाचा.” मी वाचलं. परिपत्रक वाचावं तसं वाचलं असणार, कारण दुसऱ्याच ओळीला तू बाहेरून ओरडलास, “ताई, सावकाश! कुबडी आहे ती, पळत नाहीये!”

“बाहेर कोण आहे?”

सायकलवाला भिंतीशी उभा होता. म्हणाला, “मॅडम, ज्याची गाणी, तोच.”

“मग आत बोलवा.”

“आत येणार नाही तो. छपराखाली त्याचा आवाज निघत नाही.”

तिने जरा विचार केला आणि उठून स्वतः खिडकी पुरती उघडली. पुढचं तुला माहीत आहे, तूच गायलास. तुला दिसलं नाही ते एवढंच, की वकील घड्याळाकडे पाहत होता तो चौथ्या गाण्यापाशी पाहायचा थांबला, आणि ‘वळ’ आला तेव्हा तिने हात वर करून विचारलं, “हा वळ अजून दिसतो?” सायकलवाला म्हणाला, “दिसतो की नाही मला सांगता येत नाही, मॅडम, मला आता दिसतच कमी. बोट जातं.” तिने ते लिहून घेतलं. बोट जातं, हे शब्द सरकारी कागदावर आले आहेत.

निकाल. यादी रद्द. तोड थांबली. तीन मार्चला, सोमवारी, सकाळी आठला चौदाही झाडांची जागेवर पाहणी. यादी नव्याने, तिथेच उभं राहून करायची. पत्ता आणि गोष्ट गाणाऱ्याने सांगायची, आणि लिहायची मी, कारण मागची मी बिघडवली.

सगळी वाचणार नाहीत. क्रमांक अकरा, तुझा पहारेकरी, पुलाच्या पलीकडच्या टोकाला, नव्या खांबाच्या जागी उभा आहे. नकाशा मी पाहिला. तिथे वाद घालायला जागा नाही. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. दोन वर्षांपूर्वी मी तो रकाना भरला असता तर त्याच्यासाठी खांब सरकवता आला असता का, हे मी अधिकारी बाईला विचारलं. ती म्हणाली, कदाचित. ‘कदाचित’ हा शब्दही मी कधी लिहिलेला नाही. आज लिहिते.

माझ्यावर चौकशी बसेल. बसू दे. मीही समोर बसेन.

सायकलवाला सांगत होता, की जाताना तू त्याच्या सायकलची घंटी वाजवलीस आणि काही न बोलता गेलास. तो म्हणतो, घंटी वाजवली म्हणजे निम्मं बोलणं झालं. मी निम्मं मान्य करत नाही. बाकीचं त्याला सोमवारी मिळालं पाहिजे.

मला मात्र तू काही देणं लागत नाहीस. माफी मी कागदावर मागणार नाही. कागदावर मी बरंच काही केलं आहे. पुलापाशी मागेन, त्याच्या देखत. नाही दिलीस तरी लिहायला उभी राहीनच, काम कामाच्या जागी. पाचव्या रकान्यात तू जे अंदाजे सांगशील ते मी अंदाजे लिहीन. आणि अकराव्यापाशी तू बसशील तेव्हा मला शेजारी बसू दे. तिथे जाऊन नुसतं बसायचं म्हणजे काय करायचं असतं, हे मला अजून येत नाही. दाखव.

सोमवार आहे. हा मी चुकवणार नाही.

तुझ्या चाळिसाव्या पावलावर, म्हणजे माझ्या त्रेपन्नाव्या, पेन घेऊन उभी असेन.

ताई